रिकामे वजन

३ नोव्हेंबर

एकतीस वर्षे वरठीच्या कारखान्यात फिटर होतो आणि एकतीस वर्षे लॉगबुक भरले. कोणते बेअरिंग तापले, किती ग्रीस गेले, कोणी हलगर्जी केली, सगळे. जूनमध्ये निवृत्त झालो आणि हात शिवशिवायला लागला. म्हणून ही वही. हिच्यावर साहेबाची सही लागणार नाही, एवढाच फरक.

आज सारस, माझे रिमोटवर उडणारे विमान, पूर्ण झाले. पंख दोन मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद. आत बांबूच्या कामट्या, वर पातळ फोम, नाकात विजेची मोटर. गावात म्हणतात, टिकारामले म्हातारपणी पतंगाचा नाद लागला. म्हणोत बापडे. पतंग आणि विमान यातला फरक समजावायला मी रिकामा नाही.

वजन करायचे होते. माझा छोटा काटा पाचशे ग्रॅमपर्यंतच मोजतो. राखीने, म्हणजे आमच्या लेकीने, नागपूरहून माणसांच्या वजनाचे सपाट यंत्र आणून दिले आहे, पण त्यावर विमान ठेवले की आकडा पंखाखाली झाकला जातो. विमान धरून मी स्वतः उभा राहिलो तर मलाच आकडा दिसत नाही. मग बायकोला, रत्नाला, उभे केले. आधी ती एकटी: ५४.०. मग सारस हातात घेऊन: ५६.७. म्हणजे सारस दोन किलो सातशे. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले, रत्ना = ५४.०. कारखान्यात प्रत्येक ट्रॉलीवर तिचे रिकामे वजन पेंटने लिहिलेले असायचे. भरलेली ट्रॉली काट्यावर चढवायची, रिकामे वजन वजा करायचे, झाले काम. रोज रोज रिकामी ट्रॉली कोण मोजतो?

रत्नाला हे सांगितले तर म्हणाली, "मले ट्राली म्हणून राहिले काय जी?"

म्हटलं, "चांगल्या कंपनीची हाय."

६ नोव्हेंबर

सुखराम आमचा शेजारी. त्याचा हलका, लवकर येणारा धान कापून झाला, बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, खालच्या धानाच्या बांध्या मोकळ्या झाल्या. सकाळी बोडीच्या पाळीवरून सारस उडाले. साडेसात मिनिटे! वळणावर इतके शांत, की सुखराम बैल सोडून बघत उभा राहिला.

फेकते रत्ना. माझा उजवा खांदा वीस वर्षांपूर्वी क्रेनच्या साखळीने निकामी केला, हात छातीच्या वर जात नाही. शिवाय रिमोट दोन्ही हातांनी धरावा लागतो. आणि खरे सांगायचे तर तिच्यासारखी फेक माझा खांदा धड असता तरी जमली नसती. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या काठच्या धुऱ्यावरून पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या फेकून फेकून तिचा हात तयार झाला आहे. चिखलात जी बाई वाकली असेल तिच्या बरोबर पुढ्यात पेंडी पडायची, गिरकी न घेता, सपाट. सारस तिच्या हातून तसेच सुटते.

हिशेब लिहून ठेवतो. विमानाचे वजन भागिले पंखाचे क्षेत्रफळ, याला विंग लोडिंग म्हणतात. दहा सेंटिमीटरचा चौकोन म्हणजे साधारण माझा तळहात. सारसचा पंख साठ तळहात. सत्तावीसशे ग्रॅम भागिले साठ, पंचेचाळीस. म्हणजे एकेका तळहाताएवढ्या पंखाने पंचेचाळीस ग्रॅम उचलायचे. हा आकडा वाढला की विमान जोरात फेकावे लागते, जोरात उडवावे आणि जोरातच उतरवावे लागते. वेग कमी पडला की पंख हवा सोडतो आणि विमान नाक टाकते.

१३ नोव्हेंबर

टिटवीने तोंडावर आपटवले. टिटवी म्हणजे माझे नवे लहान विमान, पंख बारा तळहात. मी शहाणा. सारस पंचेचाळीसवर झकास उडते तर हिला चाळीस काय हरकत, म्हणून चारशे ऐंशी ग्रॅमची बांधली. रत्नाने फेकल्यावर ती गोटा मारल्यासारखी गेली आणि माझी बोटे हलायच्या आत पालथी होऊन बांधीत रुतली.

नागपूरला विमानाच्या सामानाचे दुकान चालवणारा प्रफुल्ल आहे, त्याला फोन केला. म्हणाला, "काका, वेग दोघांनाही तेवढाच लागते. पण मोठं विमान त्या वेगानं फिरायला निघाल्यासारखं वाटते आणि लहान डोळा लवतो तोवर पार होते. आकार लहान तर लोडिंगही लहान पायजे. वीसवर आणा."

हे आधी सुचायला हवे होते. आता टिटवी दोनशे चाळीस ग्रॅमची करतो.

प्रफुल्लच्या मंडळाचा सव्वीस जानेवारीला मेळावा आहे. हाताने फेकून उडणाऱ्या मोठ्या विमानांत सारसचे नाव त्याने लिहून घेतले. नाव टिकाराम आणि रत्नाबाई, दोघांचे. रत्ना म्हणाली, "मी कोणतं लुगडं नेसू?" अजून जवळजवळ अडीच महिने आहेत आणि हिची तयारी सुरू.

२४ नोव्हेंबर

दोनशे चाळीस ग्रॅमची टिटवी चार दिवस सुरेख उडत आहे. हिशेब म्हणजे हिशेब.

पण सारस बिघडले. हातातून सुटले की दहा-पंधरा फुटांवर खाली बसते. आज धुऱ्याला घासले, चाक मोडले. रत्नाला म्हटलं, "जराक जोर लाव ना."

"लावलाच तं."

"काल तरी कुठं लावला होता?"

ती मोडलेले चाक उचलून घराकडे निघाली. शेजारच्या गावाला मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, होती, तिथेही यायला नाही म्हणाली. दरवर्षी सगळ्यांच्या आधी हिचीच पिशवी तयार असते. म्हणे दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते. पित्त असेल. सोडा दिला.

बायकोशी भांडण्यापेक्षा वजनाशी भांडलेले बरे. सारस हलके करतो.

१ डिसेंबर

आजचा दिवस मोठा. चाके, त्यांच्या तारा काढल्या, बॅटरी लहान घातली. काढलेले सामान छोट्या काट्यावर मोजले, बरोबर तीनशे ग्रॅम. म्हणजे सारस चोवीसशे व्हायला हवे. रत्नाला यंत्रावर उभे केले. ५६.०. चोपन्न वजा केले, दोन किलो! चारशे ग्रॅम फुकटात गेले. थंडीत बांबू सुकला असणार, ओल निघून गेली. तेहतीस आले लोडिंग. मी चक्क टाळी वाजवली.

रत्ना विमान धरून तशीच उभी होती. "चांगलं झालं जी," म्हणाली.

४ डिसेंबर

तेहतीस आहे, तरी बसते. मला कळत नाही. पहिल्या दिवशी पंचेचाळीसवर जे विमान तिच्या हातून उचलले गेले ते आता हलके होऊनही का बसावे? मोटर तपासली. पंखाचा कोन तपासला. आठ वेळा फेकायला लावले, नवव्या वेळी ती पाळीवर बसून राहिली. तिच्या बांगड्या फेकताना कोपरापर्यंत सरकतात आणि फार वाजतात. म्हटलं, काढून ठेव, पंखात अडकतील.

१५ डिसेंबर

आज चमत्कार किंवा घोटाळा. शेपटी कोरून जेमतेम शंभर ग्रॅम कमी केले होते. रत्ना यंत्रावर चढली, ५५.२. म्हणजे सारस एक किलो दोनशे. शंभर काढले आणि आठशे गेले! मी काही वेडा नाही. यंत्राचे सेल बदलले. तरी तेच. मग दहा लिटर पाण्याचा कॅन ठेवून यंत्र तपासले, कॅनसकट बरोबर जेवढे हवे तेवढेच दाखवले. यंत्र खरे आहे. मग आकडाही खराच मानला पाहिजे.

बाराशे भागिले साठ, वीस. एवढ्या मोठ्या पंखाला वीस म्हणजे ते हातातून सोडायची खोटी, तरंगायला हवे. बोडीवर नेले. तीन वेळा फेकले, तिन्ही वेळा नाक टाकले.

प्रफुल्लला कळवले, की तुमचा हिशेब लहान विमानांना लागू पडतो, मोठ्यांना नाही. टिटवी सांगितल्याप्रमाणे वागते, सारस वागत नाही. तो म्हणाला, "काका, असं होत नाही. वजन परत करा." परत काय करा! एकतीस वर्षे काटे तपासलेल्या माणसाला हा वजन शिकवतो.

राग रत्नावर काढला. म्हटलं, "तुह्यं मनच नाही यात. मेळाव्यात फजिती होईल." ती म्हणाली, "हात भरून येते जी. दम लागते." थंडीने सगळ्यांनाच लागतो. तिला चहा करून दिला, अर्धा टाकून दिला तिने.

५ जानेवारी

सगळे क्रमाने लिहितो.

तीन आठवडे खपून सारसचे धड नव्याने बांधले. सगळे फोमचे. कापलेला एकेक तुकडा छोट्या काट्यावर तोलला होता. जुन्या वजनात दिवाळीपासून बरोबर एक किलोची घट. म्हणजे सत्तावीसशेचे सतराशे. ती बेरीज वहीत होती, पण मी म्हटले यंत्र काय सांगते ते बघू, कदाचित दोनशेच उरले असेल! विनोद सुचत होते मला.

रत्ना सारस घेऊन यंत्रावर चढली. मी खाली वाकलो. ५२.९.

चोपन्न वजा करायला गेलो आणि होईना. पुन्हा वाचले. बावन्न पूर्णांक नऊ. विमान धरून बावन्न पूर्णांक नऊ. उत्तर उणे येत होते. जगात उणे वजनाचे विमान नसते.

मी तिच्या हातातून सारस काढून घेतले. "उतरू?" तिने विचारले. म्हटलं, "नोको. उभी राह्य."

५१.२.

वर पाहिले. यंत्रावर ती नुसती उभी होती, हात बाजूला. पोलक्याच्या बाह्या सैल. गळ्याची हाडे वर आलेली. गालांत खड्डे. दोन महिने मी रोज हिच्या समोर उभा होतो आणि हिच्या हातातले बघत होतो.

दोन किलो आठशे. दिवाळीला सारसचे जेवढे वजन होते, जवळपास तेवढी ती कमी झाली आहे. बांबू सुकला नव्हता. शेपटीतून आठशे ग्रॅम गेले नव्हते. सुखरामच्या घरी धान मोजायचा टांगता काटा आहे, भिंतीला भिंत लागून. दोन महिने मला तो आठवला नाही. मी पाण्याचा कॅन तोलला, सेल बदलले, सगळे तपासले, फक्त शेवटच्या पानावरचा एक आकडा तपासला नाही.

राखीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आईले भंडाऱ्याला दाखवा, उद्याच. मी येतो."

२० जानेवारी

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवले. तिथे दुर्बीण घातली, फोटो काढले. जठराचा कॅन्सर. यकृतात उतरला आहे. डॉक्टर राखीशी बोलत होते, माझ्याशी नाही. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. त्रास कमी होईल एवढे बघू.

२२ जानेवारी

रत्नाला सगळे सांगितले. ती म्हणाली, मला अंदाज होता. मग हळूच सांगितले, की बचत गटाच्या बायांसाठी नोव्हेंबरअखेरीस तपासणी होती, तिथे तिचे वजन कमी भरले होते आणि नर्सने मोठ्या दवाखान्यात जायला सांगितले होते.

"अन् तू मले सांगतलं नाही?"

"तुमी टाळी वाजवली ना जी त्या दिशी. इतके खूश होते. म्हटलं, होऊ द्या मेळावा एकदाचा. मंग सांगन."

"मी चोपन वजा करून राहिलो होतो, तुले समजत होतं?"

"समजत होतं. उगाच काळजीत कायले टाकू म्हटलं."

मी उठून अंगणात गेलो. इतका राग मला कारखान्यात कोणाचाही आला नव्हता. माणूस एका घरात राहतो, एका ताटलीत खातो आणि असे लपवतो! महिना-दीड महिना गेला त्यात. असे मी तिच्याशी कधीही करणार नाही. आणि राग तिच्यावर होता की माझ्यावर, तेही कळत नव्हते. अंगणात सारस टेकवून ठेवले होते. त्याला लाथ मारली आणि पंख मोडला. आतून ती म्हणाली, "तोडा, तोडा. बांधाले अजून काम भेटन."

२६ जानेवारी

मेळाव्याला गेलो नाही.

९ फेब्रुवारी

औषधाने तीन दिवस उलटी, मग दोन दिवस बरे. राखी दर शनिवारी येते. रत्ना पेज पिते, चार-पाच चमचे. यंत्र मी कपाटाखाली सरकवून दिले आहे.

आज दुपारी म्हणाली, "माह्या हातून शेवटचं विमान पडलंच, उडलं नाही. मले एक टाकाचं हाय अजून."

म्हटलं, "तुले उठवत नाही."

"बसून टाकीन. मोठे फिटर ना तुमी?"

१२ फेब्रुवारी

कामाला लागलो. या वेळी हिशेब उलटा केला. आजवर विमान बांधायचो आणि मग त्याला पुरेसा जोर मागायचो. आता आधी जोर मोजला.

तणसाची, धानाच्या पेंढ्याची, एक जुडी बांधली, दोनशे ग्रॅम. रत्नाला खुर्चीत बसवून फेकायला दिली. पाच फुटांवर पडली. दुसऱ्यांदा साडेचार. जमिनीपासून हाताची उंची मोजली आणि गणित केले. तिच्या हाताचा वेग तासाला अकरा-बारा किलोमीटर येतो. माणूस घाईने चालतो त्याच्या दुप्पटही नाही. एवढ्यावर पंखाने हवा धरायची तर लोडिंग सात पाहिजे. पंचेचाळीस नाही, वीस नाही. सात.

पेंड्या फेकणारा हात तो. जुडी उचलून आणताना मी तिच्याकडे बघितले नाही.

२ मार्च

पंख एकशे वीस बाय चोवीस. एकोणतीस तळहात. म्हणजे सगळे मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास संपले पाहिजे, मोटर-बॅटरीसकट. प्रफुल्लने बोटाच्या पेराएवढी मोटर पाठवली, पैसे घेतो म्हणेना. कामट्या तासून तासून आगकाडीएवढ्या केल्या. गोंदाचा थेंबही सुईने लावतो. रत्ना खाटेवरून बघते आणि चुका काढते. "तिथं वाकडं झालं जी." झालेले असते.

पांढरे आहे म्हणून तिने नाव ठेवले बगळा.

१७ मार्च

होळीला राखी आली होती, ती थांबली. आज रत्नाला जरा बरे होते. सकाळी राखीने आणि मी तिला मोटारीने बोडीवर नेले. सुखरामने पाळीवर प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि वारा आडवा येऊ नये म्हणून स्वतःच दिशा बघून वळवली. रत्नाने मेळाव्यासाठी काढून ठेवलेले हिरवे लुगडे नेसले होते. राखीने ते दोनदा गुंडाळून पिना लावल्या होत्या.

बगळा तिच्या हातात दिला. म्हटलं, "जोर नाही लावाचा. फकस्त बोटं मोकळी कर."

"मंग मी कायले पायजे? खुटीवरून सोडून द्या ना."

"खुटीले नेम नसते."

हसली. वाऱ्याची झुळूक समोरून आली. तिने हात सपाट पुढे केला, तसाच, पेंडी फेकताना करायची तसा, आणि बोटे उघडली. बगळा पडला नाही. क्षणभर तिच्या हातासमोरच थांबला आणि मग चालत गेल्यासारखा पुढे निघाला. मी रिमोटला जवळपास हात लावला नाही. बोडीत उरलेल्या पाण्यावरून तो गेला, वळला, परत आला, आणि ती मान वळवून सगळे बघत होती.

"सारस टाकलं का मले दिसेच ना," ती म्हणाली, "लगीत दूर जाये. हे दिसते."

तणसाच्या ढिगावर उतरवला. पुन्हा मागितला. तीन वेळा टाकला तिने, तीनही वेळा उडाला. तिसऱ्या वेळी हात मांडीवर पडला तो तिने उचलला नाही.

"याचं वजन किती जी?"

"दोनशे पाच."

"अन् माह्यं?"

"नाही केलं."

"नोका करू."

राखी पाठ फिरवून उभी होती. मी बगळा पिशवीत ठेवला.

९ एप्रिल

रत्ना आज सकाळी सव्वासहाला गेली.

१२ एप्रिल

पवनीला वैनगंगेत अस्थी सोडल्या. राखी, जावई, सुखराम बरोबर होते. मडके घरातून निघेपर्यंत माझ्या खोलीत टेबलावर होते, आणि त्याच टेबलावर छोटा काटा. सगळ्या आयुष्यात हातात आलेली कोणती वस्तू मी तोलली नाही? बोल्ट तोलले, गोंद तोलला, आगकाडीएवढी कामटी तोलली. काटा उचलून ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावले. तिने नको म्हटले होते.

पाण्यात हात बुडवला तेव्हा मडके ओढले गेले आणि सुटले. मी रडलो. सुखरामने माझा निकामी खांदा धरून ठेवला होता.

२७ एप्रिल

राखी आज नागपूरला परत गेली. मला चल म्हणत होती, मी नाही म्हटले. मग तिने कपाटाखालून यंत्र काढले आणि मला त्यावर उभे केले. ६३.०. ही वही उघडून शेवटच्या पानावर रत्नाच्या आकड्याखाली तिनेच लिहिले, बाबा = ६३.०. म्हणाली, "दर रविवारी सकाळी मोजाचं आणि मले फोनवर सांगाचं. आईच्या वेळी कोणाचं लक्ष नव्हतं. आता असं होऊ देणार नाही मी."

"मी कायले सुकतो?" म्हटलं.

"सांगाचं म्हणजे सांगाचं."

तिचा हट्ट आईवर गेला आहे. कबूल केले.

४ मे

६२.३. राखीला तसेच सांगितले.

बगळा खुंटीला टांगलेला होता, धूळ पुसली. तोललाही. ट्रंक उघडली त्यासाठी. दोनशे पाच, तेवढाच आहे. सुखरामने विचारले, "टिकारामभाऊ, उडवत नाही काय आता?" गेलो बोडीवर. फेकणार कोण, हा विचार पाळीवर गेल्यावर आला. रिमोट डाव्या हातात घेतला, बगळा उजव्या. माझा हात छातीच्या वर जात नाही, पण याला तेवढी उंची लागतच नाही. बोटे उघडली आणि गेला.

तिच्यासाठी सातवर आणला होता तो. आता कोणीच लागत नाही त्याला. मला वाटले होते मला बरे वाटेल. बांधीतून उचलून आणला आणि लगेच घरी आलो.

१८ मे

६०.६. राखीला बासष्ट सांगितले. उन्हाळ्यात माणूस एखादा किलो उतरतोच.

सुखरामच्या घरून भाजी आली होती, तशीच झाकून ठेवली. एकट्याचा भात शिजवायचा म्हणजे भांडे मोठे पडते.

१ जून

५८.९.

राखीचा फोन नऊला आला. बासष्ट सांगितले. "जेवता ना बाबा बरोबर?" म्हटलं, हो, पोटभर. तिच्या मागे नोकरी आहे, घर आहे, तिला उगाच काळजीत कायले टाकू.

वारा चांगला होता, बगळा घेऊन बोडीवर गेलो. आजकाल फार वेळ उभे राहवत नाही, दम लागतो, म्हणून सुखरामने ती प्लास्टिकची खुर्ची पाळीवरच ठेवली आहे. बसूनच सोडला. जोर लागत नाही त्याला.